आजोळच्या ओसरीवरची हॉकी

बारामती,
वैशाख वद्य सप्तमी

चि. सौ. माई हीस मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. शाळेस सुट्टी लागताच मुलाला घेऊन दोन महिने इंदापुरास राहावयास येण्याचा तुझा बेत समजला, आणि अक्काने तर त्या दिवसापासून घरातील एकेक कपाट उपसावयास काढले आहे. परंतु त्याच पत्राच्या उत्तरार्धात तू जी चिंता प्रकट केली आहेस, की दोन महिने बर्फाचे दर्शन न घडल्यास मुलाच्या हाताचे वळण मोडेल, बरोबरीची पोरे पुढे निघून जातील, आणि सुट्टीतही घरी सराव चालू ठेवण्याची जी ताकीद प्रशिक्षकांनी दिली आहे ती आपल्या मुलखात अमलात आणावी तरी कशी, त्या चिंतेचे निरसन दोन ओळींत होण्याजोगे नसल्यामुळे हे पत्र लांबवीत आहे. मी जन्मभर शाळेत कवायत, खो-खो आणि मैदानावरची हॉकी शिकविली. आइस हॉकी पाहिली ती केवळ पडद्यावर. तथापि काठी, चेंडू आणि आठ-दहा वर्षांचे मूल या तिन्हींशी माझा व्यवहार पुष्कळ झालेला असल्याने या विषयात बोलण्याचा अधिकार मला अगदीच नाही असे मी मानीत नाही.

नीरा आणि भीमा यांच्या दरम्यानच्या आपल्या टापूत बर्फ मिळतो तो रसवंतीगृहात, नाही तर उजनीच्या मासळीच्या पेट्यांत. तेव्हा त्याची शोधाशोध नको. परंतु बर्फाच्या अभावी या खेळाचा अभ्यास अडतोच, ही समजूत मात्र एकवार तपासून पाहण्यासारखी आहे. लडाखात नैसर्गिक बर्फ खेळण्याजोगा टिकतो तो हिवाळ्याचे दोन-तीन महिने. असे असूनही मुख्यत्वे लडाख आणि स्पिती येथील मुलींच्या आपल्या महिला संघाने 2016 साली आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रथम पाऊल टाकले आणि 2025 साली अल ऐन येथील आशिया चषकात कांस्यपदक मिळविले. आपल्या महाराष्ट्रातील मुले तर चाकांच्या स्केट्सवर, साध्या फरशीवर घडतात, आणि लेह येथे भरणाऱ्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत बर्फावरील स्केटिंगची पदके घेऊन येतात.

आणि तुम्ही ज्या ओंटारियो प्रांतात राहता, तेथलेच ब्रँटफर्ड गाव तुमच्यापासून फारसे दूर नसावे. आइस हॉकीतला विख्यात खेळाडू वेन ग्रेट्स्की तेथला. त्याचे वडील वॉल्टर हे टेलिफोन कंपनीत नोकरीस होते. त्यांनी परसात बागेच्या फवाऱ्याने पाणी सोडून ते गोठविले आणि मुलाला घरचे मैदान करून दिले, रिकामे डबे आणि बाटल्या मांडून त्यांच्यामधून पक, म्हणजे या खेळातली रबरी चकती, वळवीत न्यावयास लावले, आडव्या टाकलेल्या काठ्यांवरून उडी मारता मारता पास घ्यावयास शिकविले, ही हकिकत तेथे घरोघर ठाऊक असेल. परंतु त्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग बर्फावरचा नाहीच. दूरचित्रवाणीवर सामना चालू असता मुलाने कागदावर मैदानाची आकृती काढावी, आणि नजर पडद्यावर ठेवून, पक जिकडे जाईल तिकडे पेन्सिल फिरवीत जावे. खेळ संपल्यावर कागदावर जेथे रेघांचे जाळे दाट झालेले दिसेल तेथे खेळ वारंवार जातो हे त्याचे त्याला उमगावे, असा तो पाठ होता. यास ना बर्फ लागतो, ना स्केट्स, ना शुल्क. अक्काच्या घरी पाठकोरे कागद मुबलक आहेत.

आता तपशिलाकडे वळतो. अक्काच्या ओसरीवर शहाबादी फरशी आहे. तिच्या सांध्यांत पक अडखळून कडेवर उभा राहील आणि काठीच्या पात्याची चिकटपट्टी दोन दिवसांत झिजून जाईल. यावर तोड अशी, की येथे बारामतीत आमच्या ओळखीच्या सुताराकडून सनमायका चिकटविलेली प्लायवूडची फळी, सुमारे सहा फूट बाय चार, मी करवून आणतो. तिच्यावरून जरा ओले फडके फिरविले की पक पुरेसा घसरतो. हे काम माझ्याकडे राहू दे, त्याच्या खर्चाविषयी अक्षर लिहू नकोस.

काठीची गोष्ट अधिक नाजूक आहे. स्केट्स घातल्यावर मुलाची उंची दोन-तीन इंचांनी वाढते आणि काठीचे माप त्या वाढीव उंचीला धरून घेतलेले असते. स्केट्सवर हनुवटीपर्यंत येणारी काठी अनवाणी उभे राहिल्यावर नाकाशी येते. तीच काठी घेऊन तो ओसरीवर खेळू लागला तर वरचा हात अंगासमोर मोकळा फिरण्याऐवजी कोपर बरगडीला भिडून राहील, आणि दोन महिन्यांत नको ती सवय पक्की होईल. म्हणून गेल्या वर्षीची तोकडी झालेली काठी घेऊन ये. चालू काठी मात्र कापू नये.

आणखी एक. तू पाठविलेल्या छायाचित्रांत त्याचा उजवा हात वर आणि डावा खाली दिसतो. आइस हॉकीत ते सर्वस्वी चालते, आणि पात्याच्या दोन्ही बाजूंनी पक खेळण्याची मुभाही असते. आपल्या मैदानी हॉकीत मात्र डावा हात नेहमी वर, आणि चेंडू खेळावयाचा तो काठीच्या सपाट बाजूनेच. डावखुऱ्यासाठी उलट घडणीची काठी नियमाला मंजूर नाही. मूल हॉकी खेळते असे कळताच गल्लीतील कोणी ना कोणी प्रेमाने घरातली जुनी हॉकी स्टिक त्याच्या हाती आणून देईल. ती आदराने घ्यावी आणि माळ्यावर ठेवून द्यावी.

हाताच्या अभ्यासात मुख्य कारभारी वरचा हात, हे ध्यानात धर. मनगट त्याने वळवावयाचे, पाते पकवर किंचित झाकत या बाजूने त्या बाजूस न्यावयाचे. खालचा हात केवळ आधारापुरता, काठी त्यातून सरकती राहिली पाहिजे. लहान मुले नेमके याच्या उलट करतात, खालच्या मुठीने काठी आवळून धरतात आणि सगळा जोर तेथून लावतात. याला तोंडी उपदेश उपयोगी पडत नाही. शेतात वापरावयाच्या दीड इंची पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा कापून, त्याच्या कडा कानसीने घासून, तो काठीत ओवावा आणि खालच्या हाताने त्या तुकड्याला धरावे. आता काठी आतल्या आत मोकळी फिरते. खालच्या हाताने कितीही आवळले तरी पाते वळत नाही, वरच्या मनगटालाच काम करावे लागते. काठीच्या टोकाशी चिकटपट्टीची जाड गाठ असते ती आधी सोडावी लागेल, नाही तर पाइप आत जाणार नाही. इंदापुरात असा तुकडा न मिळणारे घर शोधूनच काढावे लागेल.

चकतीबरोबर चेंडूही हवा. खरा पक तीन इंच व्यासाचा, एक इंच जाड आणि 156 ते 170 ग्रॅम वजनाचा रबरी ऐवज असतो. फरशीवर त्याचा आवाज मोठा आणि दुपारच्या वेळी अक्काच्या झोपेला तो मानवणार नाही. कातारी मिळाल्यास बाभळीच्या लाकडाचा लिंबाएवढा चेंडू करवून घेऊ. न मिळाल्यास टेनिसचा चेंडू आहेच. हलका चेंडू धसमुसळेपणाने मारला की निसटतो, त्यामुळे हात आपोआप मऊ होतो. डोळे खाली खिळून राहू नयेत म्हणून अक्काची मदत घ्यावी: तिने झोपाळ्यावर बसून हाताची बोटे दाखवावी, कधी दोन, कधी चार, आणि याने चेंडू इकडून तिकडे खेळवीत ती मोठ्याने मोजून सांगावी. मराठीत सांगावी, अशी अट मी माझ्यातर्फे घालतो. मैदानावर समोरचे खेळाडू दिसत राहण्यासाठी मान वर ठेवण्याची हीच सवय लागते, आणि आजीला नातवाच्या खेळात मानाचे स्थान मिळते ते वेगळेच.

फटक्यांसाठी परसदारी ताडपत्री टांगावी. ती ताणून बांधू नये. वरून दोरीने सैल सोडावी म्हणजे पक तिच्यावर आपटून उलट न येता खाली पडतो. आपला पूर्वेकडचा भाग पर्जन्यछायेचा, आषाढात तेथे पावसापेक्षा वाराच जास्त. म्हणून खालच्या काठावर दोन विटा ठेवाव्या. नेम कोठेही धरावा, फक्त तुळशीवृंदावन त्याच्या पाठीमागे असावे, पुढे नसावे.

पायांच्या बाबतीत तुम्ही उभयता जितके चिंतित आहात तितका मी नाही. स्केट्स आणूच नका. पात्यांना गंज चढेल, धार फरशीवर जाईल आणि परत जाईतो त्याचे पाऊल त्यात मावेलच असे नाही. स्केटिंगला लागते ती गुडघ्यांत वाकलेली बैठक, एका पायावर तोल आणि आडव्या दिशेने झेप. आपल्या तालमीतल्या बैठका थोड्या रोज काढल्या, ओसरीच्या पायरीवर एका पायाने उभे राहून चेंडू झेलला, की पहिल्या दोहोंची तरतूद झाली. तिसऱ्यासाठी त्याला संध्याकाळी गल्लीतल्या पोरांबरोबर खो-खोला धाडून दे. पाठलाग करणाऱ्याला तेथे एकदा दिशा धरली की खांब ओलांडल्याखेरीज मागे फिरता येत नाही, आणि पळणारा त्याला ऐन वेळी हूल देऊन निसटतो. अंग खाली झुकवून वेग मोडण्याची आणि पुन्हा धरण्याची जी कसरत यात घडते ती कोणा प्रशिक्षकाला पैसे देऊनही घरच्या घरी करवून घेता येणार नाही. ग्रेट्स्कीसुद्धा उन्हाळ्यात स्केट्स बाजूला ठेवून बेसबॉल आणि लॅक्रॉस खेळत असे.

आता ज्या मजकुराकरिता मी खरोखर लेखणी हाती घेतली तो. जावईबापूंनी सोबत जोडलेला तक्ता मी लक्षपूर्वक वाचला. सकाळी चाळीस मिनिटे, सायंकाळी एक तास, प्रत्येक प्रकाराच्या आवर्तनांची संख्या, रविवारी चाचणी आणि तिची चित्रफीत प्रशिक्षकांना रवाना: एखाद्या मोजणी कचेरीस शोभेल असा तो दस्तऐवज आहे, आणि त्यामागील कळकळीविषयी मला शंका नाही. पण तो अमलात आणू नये, असे मी स्पष्ट लिहितो. शाळेच्या मैदानाच्या कडेला उभे राहून मुलाच्या प्रत्येक पावलाचा जाहीर हिशेब घेणारे पालक मी इतके पाहिले आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांची मुले आवाज फुटण्याच्या वयात मैदान कायमचे सोडून गेलेली इतकी पाहिली आहेत, की या बाबतीत माझे मत आता बदलण्यासारखे राहिलेले नाही. वॉल्टर ग्रेट्स्कीचे दाखले देणारे लोक डबे-बाटल्या तेवढ्या उचलतात. त्या परसातून अंधार पडला तरी घरात यावयास मुलगाच राजी नसे, हा हकिकतीचा अर्धा भाग ते सोयीस्करपणे गाळतात.

आपल्याच जिल्ह्यातला दाखला हवा तर खडकीचा घे. धनराज पिल्ले तेथे ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढला. मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन भावंडांबरोबर धुळीच्या मैदानात खेळला, आणि पुढे चार ऑलिंपिक स्पर्धांत देशाकडून उतरला. 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या संघाचा तो कर्णधार होता. दारिद्र्य हे काही खेळाचे साधन नव्हे, आणि मोडक्या काठीचे कौतुक करणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण त्या मैदानातला वेळ त्या मुलांच्या स्वतःच्या मालकीचा होता, एवढे मात्र त्यातून घेण्यासारखे आहे.

तेव्हा बंदोबस्त असा ठेव. सकाळी दूध झाल्यावर, ऊन चढण्यापूर्वी, फळीवर पंधरा-वीस मिनिटे. त्यात काय करावयाचे ते दोन-तीन प्रकारांतून त्याने निवडावे. तुम्ही जवळ असावे, पण हाती काही काम असावे, म्हणजे नजर सारखी त्याच्यावर राहणार नाही. चुकला तर लगेच दुरुस्त करू नये; विचारील तेव्हा सांगावे. एखादे दिवशी नको म्हणाला तर फळी भिंतीला टेकवून ठेवावी आणि त्याचा उल्लेखही करू नये. काठी आणि चेंडू मात्र नेहमी हाताला लागतील असे ओसरीवर असू द्यावे, कपाटात कुलूपबंद नको. दिवसातून येता-जाता तो किती वेळा ती उचलतो याची मोजदाद कोणी ठेवू नये, मी तर मुळीच ठेवणार नाही. प्रशिक्षकांना चित्रफीत हवीच असेल तर परत जाण्याच्या आठवड्यात एक पाठवावी.

येताना जुनी काठी, दोन पक आणि पात्याच्या चिकटपट्टीची दोन रिळे आणावी. ती पट्टी इकडे सहज मिळावयाची नाही. काठीची लांबी इंचांत आणि तिच्या दांड्याची जाडी मला आधी कळव, म्हणजे पाइपचे माप चुकणार नाही. तुमच्या येण्याच्या दिवसांत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुराकडे निघालेली असली तर आमच्या बाजूचा रस्ता गाड्यांना जवळजवळ बंदच असतो, तेव्हा पुण्याहून भिगवणमार्गे सोलापूर रस्त्याने थेट इंदापुरास उतरा. बेलवाडीचे रिंगण मुलाला दाखवावयाचे असेल तर आदल्या दिवशी मला निरोप धाड, मी इकडून येऊन तुम्हाला बरोबर घेईन. अक्का विचारते, की त्याला तिखट चालते की अजून दूधभातच. जावईबापूंना नमस्कार, मुलास आशीर्वाद.

कळावे,
मामा