घोळणा फुटणे : रक्त थांबविणारे जैवपदार्थ आणि त्यांचा कच्चा माल

प्रस्तावना

नाकातून रक्त येणे, म्हणजेच घोळणा फुटणे, ही उष्ण व कोरड्या हवेत नेहमी आढळणारी तक्रार आहे. नाकपुड्यांमधील पडद्याच्या पुढील भागात बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. बहुतेक वेळा रक्त तेथूनच येते व योग्य दाब दिल्यास थांबते. दाबाने न थांबणाऱ्या रक्तस्रावात मात्र डॉक्टरांना नाकात पॅक भरावा लागतो. अशा पॅकसाठी वापरले जाणारे काही पदार्थ कोळंबीचे कवच, समुद्री शेवाळ व कापूस यांपासून मिळतात. म्हणूनच हा विषय शेती व मत्स्यव्यवसायाशीही निगडित आहे.

जुन्या पद्धतीची अडचण

गॉजची पट्टी भरून रक्त थांबविता येते. परंतु सुकलेले रक्त तिच्या धाग्यांना चिकटते. पट्टी काढताना खपली निघून वेदना होतात व पुन्हा रक्त येऊ शकते. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांत हा धोका अधिक असतो. त्यामुळे शरीरात विरघळणारे अथवा ओलसर जेल बनून सहज सुटणारे पदार्थ उपयुक्त ठरतात.

प्रमुख जैवपदार्थ

१. कायटोसन : कोळंबीच्या कवचातील कायटिनपासून हा पदार्थ तयार होतो. त्यावर धन विद्युतभार असतो, तर तांबड्या रक्तपेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. परस्पर आकर्षणामुळे पेशी एकत्र येऊन जखमेवर थर धरतात. ही क्रिया रक्त गोठण्याच्या नेहमीच्या साखळीवर फारशी अवलंबून नसते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

२. अल्जिनेट : सरगॅसमसारख्या तपकिरी शेवाळातून हा पदार्थ काढतात. कॅल्शियम अल्जिनेटचे तंतू रक्तातील सोडियम घेऊन कॅल्शियम सोडतात. कॅल्शियम रक्त गोठण्यास साहाय्य करते व तंतूंचे जेल बनते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लागवड होणाऱ्या कप्पाफायकस या शेवाळापासून मात्र कॅराजीनन मिळते, अल्जिनेट नव्हे. शेतकऱ्यांना माहिती देताना हा फरक स्पष्ट करावा.

३. सेल्युलोज : सरकीवरील आखूड तंतू, म्हणजे लिंटर, हा शुद्ध सेल्युलोजचा उत्तम स्रोत आहे. सेल्युलोजपासून कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज तयार करतात. ते ओले होताच जेल बनते व पॅकवरील आवरण म्हणून वापरले जाते. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज शरीरात हळूहळू शोषले जाते.

कच्च्या मालाची निगा

कोळंबी सोलल्यावर डोके व कवच मिळून वजनाचा मोठा भाग टाकाऊ ठरतो. आंध्र प्रदेशासारख्या कोळंबी उत्पादक राज्यात हा माल मुबलक आहे. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने त्यापासून कायटिन व कायटोसन तयार करण्याचे तंत्रज्ञान विकसित केले आहे. सौम्य अल्कलीने प्रथिने, सौम्य आम्लाने खनिजे काढून शेवटी तीव्र अल्कलीची प्रक्रिया करतात.

कवच लवकर कुजते व कुजलेल्या मालापासून मिळणाऱ्या कायटोसनची प्रत घसरते. म्हणून सोलल्याबरोबर कवच वेगळे करावे, स्वच्छ पाण्याने धुवावे, बर्फात ठेवावे आणि शक्य तितक्या लवकर प्रक्रिया केंद्राकडे पाठवावे. त्यात माती, प्लॅस्टिक व माशांचे अवशेष मिसळू देऊ नयेत.

प्रक्रियेत आम्ल, अल्कली व पाणी मोठ्या प्रमाणात लागते. सांडपाणी शुद्ध न करता नाल्यात सोडल्यास केवळ कच्चा माल नैसर्गिक आहे म्हणून तो उद्योग शाश्वत ठरत नाही. प्रकल्पाचा सल्ला देताना सांडपाण्याच्या व्यवस्थेचा खर्च प्रथम विचारात घ्यावा.

वैद्यकीय वापरासाठी निर्जंतुकता, प्रथिनांचे व जड धातूंचे अवशेष यांची तपासणी आणि शासकीय परवाना आवश्यक असतो. शेतीसाठी विकले जाणारे कायटोसन, शेवाळाची भुकटी किंवा घरचा कापूस नाकात कधीही घालू नये. कोळंबीची ॲलर्जी असल्यास रुग्णाने डॉक्टरांना आधीच सांगावे.

प्रथमोपचार

• रुग्णास ताठ बसवून डोके किंचित पुढे झुकवावे. मागे टाकू नये.
• नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरून १० ते १५ मिनिटे सलग दाबावा. मध्येच सोडून पाहू नये.
• श्वास तोंडाने घ्यावा; तोंडात आलेले रक्त गिळू नये, थुंकावे.
• कांदा हुंगविण्यात वेळ घालवू नये.
• दोनदा दाब देऊनही रक्त न थांबल्यास, डोक्यास मार लागला असल्यास, रक्तस्राव फार असल्यास किंवा रुग्ण रक्त पातळ करणारी औषधे घेत असल्यास त्वरित रुग्णालयात न्यावे.

निष्कर्ष

कोळंबीचे कवच, शेवाळ व लिंटर यांना वैद्यकीय क्षेत्रात मूल्य आहे. परंतु ते मूल्य ताजेपणा, स्वच्छता व शुद्धता यांवर ठरते. विस्तार कार्यकर्त्यांनी उत्पादकांना मालाची प्रत राखण्याचे मार्गदर्शन करावे आणि घोळणा फुटल्यास द्यावयाच्या दाबाचे प्रात्यक्षिक गावोगावच्या मेळाव्यांत दाखवावे. पहिल्या १५ मिनिटांतील उपचार कोणत्याही पदार्थावाचून, केवळ बोटांनी करता येतो.