भिंतीपलीकडची भूमी : पलायनाचे नाट्य आणि दोन मराठी चरित्रपट

तुरुंगातून निसटणे ही घटना चित्रपटाला जितकी मानवते तितकी ती कादंबरीला किंवा रंगभूमीला मानवत नाही. कोठडीचे दार, पहारेकऱ्याच्या पावलांचा आवाज, भिंतीची उंची, हाती असलेला वेळ हे सारे डोळ्यांना दिसणारे आणि कानांना ऐकू येणारे नाट्य आहे. त्याला निवेदनाची फारशी गरज भासत नाही. मात्र पलायनाच्या सत्यकथेवर चित्रपट बेतला जातो तेव्हा एक प्रश्न उभा राहतो. कैदी भिंतीबाहेर पडल्यावर पुढे काय होते? प्रत्यक्ष इतिहासात या 'पुढे'चा शेवट बहुधा रक्तपातात झालेला आढळतो, आणि त्या रक्तपाताची कारणे भिंतीत नव्हे, तर भिंतीपलीकडच्या भूमीत सापडतात.

रायगड जिल्ह्याशी, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याशी, नाते असलेल्या दोन क्रांतिकारकांवर या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मराठीत चरित्रपट निघाले. गजेंद्र अहिरे दिग्दर्शित व अजिंक्य देव यांची प्रमुख भूमिका असलेला 'वासुदेव बळवंत फडके' २००७ साली आला. आशुतोष पत्की यांनी नायकाची भूमिका केलेला 'शहीद भाई कोतवाल' २०२० साली प्रदर्शित झाला. पहिल्याचा नायक खालापूरला लागून असलेल्या पनवेल तालुक्यातील शिरढोणचा, तर दुसऱ्याचा कर्जत तालुक्यातील माथेरानचा. या चित्रपटांचे गुणदोष मोजणे हा येथे हेतू नाही. ज्या सामग्रीवर ते उभे आहेत तिच्यात कोणते नाट्य दडले आहे, आणि चरित्रपटाचा रूढ साचा त्यातील कोणत्या अंशाला जागा देतो व कोणत्या अंशाला देऊ शकत नाही, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

फडके यांच्या चरित्रात तुरुंगफोड आहे, आणि तीही कोणत्याही पटकथाकाराने हेवा करावा अशी. २० जुलै १८७९ रोजी देवर नावदगी येथे ते मेजर डॅनियलच्या हाती सापडले. पुण्यात खटला चालला. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांनी त्यांचा बचाव केला. जन्मठेपेची शिक्षा होऊन १८८० च्या आरंभी त्यांची रवानगी एडनच्या तुरुंगात झाली. तेथे त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून काढले व ते बाहेर पडले. काही मैलांच्या आतच ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनलाच त्यांचा अंत झाला.

या पलायनाची तारीख चरित्रपर मजकुरांत एकसारखी मिळत नाही. काही ठिकाणी ती ऑक्टोबर १८८० अशी येते, तर काही ठिकाणी १३ फेब्रुवारी १८८३, म्हणजे मृत्यूच्या अवघे चार दिवस आधीची. इतिहासाच्या अभ्यासकाला हा कालनिश्चितीचा प्रश्न वाटेल; नाट्यरचनेच्या दृष्टीने मात्र ही दोन वेगळी नाटके आहेत. दुसरी तारीख स्वीकारली, तर दार उखडणे, पुन्हा सापडणे, अन्नत्याग आणि मृत्यू अशी चार दिवसांची घट्ट साखळी मिळते. शोकात्म नाट्याला हवा तो चढाव आयताच हाती येतो. पहिली तारीख स्वीकारली, तर पलायनानंतर दोन वर्षांहून अधिक काळ उरतो. त्या काळात काहीच घडत नाही. एक माणूस परक्या प्रदेशातील तुरुंगात झिजत जातो, इतकेच. दोन तासांच्या चित्रपटाला ही दोन वर्षे पेलवणारी नव्हेत. चरित्रपट कोणती तारीख निवडेल हे यावरून सहज ओळखता येते. ज्याला इतिहासाशी इमान राखावयाचे आहे त्याने या मोहाकडे सावधपणे पाहिले पाहिजे.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट तारखेवर अवलंबून नाही. फडके दार उखडू शकले, तरी निसटू शकले नाहीत. एडनमध्ये भिंतीबाहेर त्यांना ओळखणारे कोणी नव्हते. भाषा परकी, वाट परकी, भाकरी देणारे घर नाही. १८७९ साली हेच फडके महिनोन्‌महिने सरकारला सापडत नव्हते, कारण तेव्हा त्यांच्यापाशी रामोशी साथीदार होते आणि घाटमाथ्याची भूमी होती. मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक यांच्या टोळीने कोकणात उतरून पळस्पे व चिखली येथे दरोडे घातले. घाटाकडे परतत असताना डॅनियलच्या तुकडीने गाठले आणि दौलतराव मारले गेले. या मृत्यूनंतर बंडाचा कणा मोडला. फडके यांनी लिहिलेले आत्मवृत्त व दैनंदिनी खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाली. साथीदारांच्या लुटीच्या हव्यासाविषयीची खंत त्या लेखनात उमटलेली आहे. आपल्या आश्रयभूमीशी असलेल्या नात्याची इतकी कडवट नोंद नायकाने स्वतः केलेली असणे ही दुर्मीळ गोष्ट होय. चरित्रपटाला ती पचविणे अवघड जाते, कारण नायक आणि त्याची माणसे यांच्यात भेग दाखवली की जयघोषाचा सूर बिघडतो.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांची कहाणी नेमकी उलट आहे. येथे फोडावयाचा तुरुंगच नाही. १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानच्या नाभिक कुटुंबात जन्मलेले भाई वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, कर्जत तालुक्यातील शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या, सावकाराच्या पाशातून कुळांना सोडवण्यासाठी धान्यकोठी चालवली. १९४२ च्या ऑगस्टनंतर अटक चुकवून ते भूमिगत झाले. कायदा शिकलेल्या माणसाने कायद्याच्या हाती लागण्याचे नाकारले. त्यांचे पलायन तुरुंगाच्या आधीच घडले. पुढे आझाद दस्ता उभा राहिला, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात त्याने विजेच्या तारा वाहणारे ११ मनोरे पाडल्याचे सांगितले जाते.

हे मनोरे येथेच का, याचे उत्तर तालुक्याच्या भूगोलात आहे. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ चे, भिवपुरीचे १९२२ चे. पहिले खालापूर तालुक्यात, दुसरे कर्जत तालुक्यात. घाटमाथ्यावर अडवलेले पाणी येथे खाली कोसळते, वीज होते, आणि ती मुंबईच्या गिरण्यांकडे व रेल्वेकडे जाते. मनोऱ्यांची रांग शेतांतून गेली होती, परंतु ती ज्यांच्या शेतांतून गेली त्यांच्या घरात दिवा मात्र रॉकेलचा होता. मनोरा पाडण्याच्या कृतीला केवळ घातपात म्हणून पाहिले तर हा अर्थ हरवतो. दृश्यमाध्यमाला तो एका चौकटीत दाखवता येण्याजोगा आहे. त्यासाठी संवादाचीही आवश्यकता नाही.

महिनोन्‌महिने हे पलायन टिकले ते वकिलाच्या चातुर्यावर नव्हे. रानातील वाट दाखवणारे, निरोप पोचवणारे, रात्री दार उघडणारे, आणि विचारपूस झाल्यावर काही न सांगणारे लोक त्यामागे होते. या शेवटच्या कृतीकडे, न सांगण्याकडे, विशेष लक्ष द्यावयास हवे. मौन ही कृती आहे, परंतु पडद्यावर ती कृतीसारखी दिसत नाही. धावणारा नायक दिसतो. गप्प राहिलेले गाव दिसत नाही. ज्या दिवशी ते मौन कोणा एकाकडून मोडले, त्या दिवशी पलायन संपले. खबर मिळताच पोलिसांनी सिद्धगडाच्या रानातील तळाला वेढा घातला. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे झालेल्या गोळीबारात मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील पडले. जखमी कोतवालांना पोलीस अधिकारी हॉल याने जवळून गोळी घातली. सिद्धगड कर्जतचा नव्हे, ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याचा. जिल्ह्याची हद्द कागदावर ओलांडली गेली होती; रान मात्र एकच होते.

तुलनेसाठी त्याच वर्षीची सांगलीची घटना घ्यावी. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील यांनी सहकाऱ्यांसह सांगलीचा तुरुंग फोडला. धाडस निर्विवाद, योजना यशस्वी; तरी बाहेर दिवसाढवळ्याचे शहर, पावसाळा आणि कृष्णेचे पाणी होते. पाठलागात दोन साथीदार मृत्यू पावले आणि दादांच्या खांद्यात गोळी घुसली. भिंत काही मिनिटांत जिंकली गेली आणि पुढील थोड्या अंतरावर सर्व हरले.

जागतिक चित्रपटाने या पेचावर दोन टोकांची उत्तरे दिली आहेत. रॉबर्ट ब्रेसाँ याचा 'अ मॅन एस्केप्ड' (१९५६) हा आंद्रे देविन्यी याने १९४३ साली लियाँच्या माँलुक तुरुंगातून केलेल्या पलायनावर आधारलेला. त्यातही दारच फोडले जाते, घासून धार केलेल्या चमच्याने, फळी फळी सुटी करून. कैदी बाहेर पडून अंधारात चालू लागतात आणि चित्रपट तेथेच संपतो. बाहेरची भूमी ब्रेसाँ जाणूनबुजून नाकारतो. त्याचा विषय आत्म्याची मुक्ती आहे, देशाची नव्हे. याच्या उलट जॉन स्टर्जेस याचा 'द ग्रेट एस्केप' (१९६३). मार्च १९४४ मध्ये सागान येथील युद्धकैद्यांच्या छावणीतून ७६ जण भुयारातून निसटले. त्यांपैकी ७३ पकडले गेले, ५० जणांना गोळ्या घालण्यात आल्या, तिघेच मुक्त झाले. स्टर्जेस आपला उत्तरार्ध या बाहेरच्या भूमीला देतो. मात्र पात्रे अनेक व्यक्तींच्या मिश्रणातून घडवल्याचे तो आरंभीच सांगून टाकतो. करमणूकप्रधान चित्रपटात असा प्रामाणिकपणा क्वचित आढळतो.

मिश्रपात्राची ही युक्ती कर्जतच्या कथेला उपयोगी पडेल काय? निनावी साहाय्यकांच्या बाबतीत पडेल. भाकरी नेणारी एक ठाकर बाई अनेक घरांच्या वतीने उभी राहू शकते. परंतु हिराजी पाटील मिश्रपात्र होऊ शकत नाहीत. त्यांना नाव आहे, गाव आहे, मृत्यूची तीच पहाट आहे. स्थानिक स्मृती ही दोन नावे जोडीनेच उच्चारते. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर जमणारे लोक दोघांना अभिवादन करतात. चित्रपटाच्या शीर्षकात नाव एकाचेच उरते. हा एका निर्मात्याचा दोष मानणे अन्याय्य ठरेल. चरित्रपट हा प्रकारच एकवचनी आहे.

शीर्षकातील दुसरा शब्दही विचार करावयास लावतो. या परिसरात भाईंसाठी 'वीर' आणि 'हुतात्मा' ही विशेषणे रुळलेली आहेत. चित्रपटाने 'शहीद' पसंत केला. 'हुतात्मा' हा शब्द मराठीत रूढ करण्याचे श्रेय सावरकरांकडे दिले जाते. 'दिग्दर्शक' आणि 'बोलपट' यांचेही. बलिदानाची परिभाषा आणि चित्रपटाची परिभाषा एकाच लेखणीतून यावी हा योगायोग मोठा गमतीचा आहे, आणि एकाच वेळी दोन्हींची गरज असलेल्या चित्रपटाने त्यांपैकी एक बाजूला ठेवावी हे त्याहून अधिक. 'शहीद'मागे हिंदी चित्रपटांची दीर्घ परंपरा आहे. त्या शब्दाने नायक राष्ट्रीय पंक्तीत जाऊन बसतो. त्याचे माथेरानकरपण त्यात थोडे पुसट होते.

या बाबतीत पोवाड्याची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. शाहीर मुख्य वीराचे गुणगान करतोच, परंतु मध्येच थांबून साथीदारांची नावे, गावे, जाती, हत्यारे यांची माळ ओवतो. कथानक त्या वेळी पुढे सरकत नाही आणि श्रोत्यांना त्याची तक्रार नसते. आपल्या गावाचे नाव केव्हा येते इकडे त्यांचे कान असतात. पटकथेच्या व्यवहारात अशी माळ म्हणजे लांबण. ती कापली जाते ती कथेच्या गतीसाठी, आणि कापली जातात ती नेमकी तीच माणसे ज्यांच्यामुळे पलायन शक्य झाले.

खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन देसाई यांनी २००५ साली स्टुडिओ उभारला. तेथे किल्ले आणि राजवाडे उभे राहिले, त्यांत मोठमोठे ऐतिहासिक चित्रपट आणि मालिका घडल्या. दरबार उभारता येतो, तट उभारता येतो, एडनची कोठडीही उभारता येईल. कर्जतच्या रानाची पटकथा लिहू पाहणाऱ्याला मात्र आरंभ सिद्धगडापासून नव्हे, तर धान्यकोठीपासून करावा लागेल. पावसाळ्यात घरातील दाणे संपलेले कूळ सावकाराकडे न जाता कोठीकडे येते, भात मोजून घेते, भाईंना ओळखते. तेथे पिस्तूल नाही, पहारा नाही, पाठलाग नाही. पुढे १९४२ च्या हिवाळ्यात त्याच वाडीवर पोलीस येतात, आणि तेच कूळ उंबऱ्यात उभे राहून काही ठाऊक नसल्याचे सांगते.