लोलकात दिसते, कागदावर उतरत नाही

१८३३चा ऑक्टोबर. इटलीतल्या कोमो सरोवराकाठी हेन्री फॉक्स टॅलबट कॅमेरा ल्युसिडा हे चित्र काढायला मदत करणारे लोलकाचे यंत्र मांडून बसला होता. लोलकाला डोळा लावला की समोरची झाडे, घरे, डोंगर थेट कागदावर पसरलेले दिसत. डोळा काढला की मागे उरत त्या केविलवाण्या रेघोट्या. ही फजिती त्याने पुढे 'द पेन्सिल ऑफ नेचर' या पुस्तकात मोकळेपणाने सांगितली आणि कारणही दिले: या साधनाला चित्रकलेची आधीची जाण लागते, ती त्याच्याकडे नव्हती. त्या निराशेतूनच, प्रतिमा आपोआप कागदावर उमटावी, हा विचार त्याला सुचला आणि तो छायाचित्रणाकडे वळला.

दोष यंत्राचा नव्हता. टॅलबटचा मित्र जॉन हर्शेल याच यंत्राने सुरेख निसर्गचित्रे काढी. अजिंठ्यासह भारतातल्या लेण्यांची चित्रे १८४५मध्ये प्रसिद्ध करणारा जेम्स फर्ग्युसनही रेखाटने करताना याचीच मदत घेई.

विल्यम वोलॅस्टनने १८०६मध्ये पेटंट घेतलेल्या या यंत्रात दांडीवर बसवलेला एक छोटा लोलक असतो. आत प्रकाश दोनदा परावर्तित होतो, म्हणून चित्र सुलटे दिसते. डोळ्याची बाहुली लोलकाच्या कडेवर अशी धरायची, की अर्धीतून दृश्य दिसावे आणि अर्धीतून कागद. खरी कसोटी इथेच आहे. मान जराशी हलली की निम्मी काढलेली खिडकी भिंतीवरून घसरते. दृश्य फार उजळ असेल तर पेन्सिलीचे टोकच दिसेनासे होते.

त्यामुळे नव्याने हात घालणाऱ्याने आधी फळी आणि दांडी घट्ट आवळावी. मग डोके किंचित हलवून पाहावे. पेन्सिल आणि चित्र एकमेकांपासून सरकत असतील तर यंत्रासोबतचे भिंग लावावे. उजेडही जुळवून घ्यावा: दृश्य झगझगीत असेल तर कागदावर जास्त उजेड पाडावा, कागदच उजळ असेल तर त्यावर सावली धरावी. आणि लगेच बाह्यरेषा गिरवू नयेत. छपराचे कोपरे, दाराचा उंबरठा, क्षितिजाची दोन टोके अशा ठळक जागी आधी ठिपके द्यावेत. मान हलली, तरी त्या ठिपक्यांवर चित्र पुन्हा बसवता येते.

मोबाइलवर आता याच धर्तीची ॲप मिळतात. कागदावर प्रतिमा दिसते म्हणून चित्र येईलच, ही समजूत तिथेही तितकीच चुकीची आहे. एवढे कराच: ठिपके जुळले की साधन बाजूला ठेवा आणि पुढच्या रेषा व छाया समोर बघून काढा.