उड्या किती, कुठून आणि कशावर?

मुलींच्या बास्केटबॉल संघांची शारीरिक तयारी करून घेणं हे माझं काम. एका हंगामाआधी संघ व्यवस्थापनाने एक शोधनिबंध हातात ठेवला. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा प्लायोमेट्रिक, म्हणजे उड्यांचं, प्रशिक्षण आणि उभ्या उडीत लक्षणीय वाढ. हेच करून घ्यायचं, हे आधीच ठरलेलं होतं.

निबंधात खोक्यावरून खाली उडी मारून लगेच वर झेपावायचं, असं लिहिलेलं; खोका किती उंच, ते नव्हतं. एका सत्रात एकूण किती उड्या, दोन सेटमध्ये किती विश्रांती, भार कसा वाढवत नेला, मैदान लाकडी की सिमेंटचं, कशाचाच पत्ता नाही. आमचं मैदान सिमेंटचं. संशोधकांना मेल केला तर ‘नेहमीच्या पद्धतीने’ एवढंच उत्तर आलं. शेवटी अंदाजानेच सगळं बसवावं लागलं. महिना व्हायच्या आत दोघीतिघी गुडघ्याच्या वाटीखाली बोट ठेवून सांगू लागल्या, ‘ताई, इथे दुखतं, जिना उतरताना जास्तच.’ मी उड्या बंद केल्या आणि निबंध पुन्हा काढला. दुखापतीबद्दल एक ओळ नव्हती. सुरुवातीचे खेळाडू आणि शेवटच्या कोष्टकातले खेळाडू यांचा आकडाही जुळत नव्हता. मधले का गळाले? मला हवी असलेली माहिती बहुधा तिथेच होती.

त्यानंतर मी असे निबंध वेगळ्या नजरेने वाचते, आणि एम.पी.एड.च्या किंवा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनी विचारलं की काही गोष्टी आवर्जून सांगते.

पहिली गोष्ट उडीच्या मोजमापाची. जंप मॅट उंची मोजतच नाही. पाय हवेत किती वेळ होते ते मोजते आणि त्यावरून उंची काढते. 0.50 सेकंद म्हणजे साधारण 30.7 सेंटीमीटर, 0.52 सेकंद म्हणजे 33.2. उतरताना गुडघे जरा दुमडून घेतले की एवढा फरक सहज पडतो. म्हणजे ताकद तसूभर न वाढता कागदावर अडीच सेंटीमीटर वाढतात! हात कमरेवर होते की मोकळे, किती प्रयत्न दिले, त्यांतला सर्वोत्तम घेतला की सरासरी, पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी दिवसाच्या एकाच वेळी झाली का, हे लिहिल्याशिवाय ‘वाढ’ या शब्दाला किंमत नाही.

दुसरी गोष्ट नियंत्रित गटाची. प्रयोगात्मक गटाने नेहमीच्या सरावावर उड्या जास्तीच्या केल्या, की सरावातलाच वेळ काढून केल्या? जास्तीच्या केल्या असतील तर फायदा उड्यांचा की नुसत्या वाढीव कष्टांचा, हे सांगता येत नाही. शिवाय ‘आमच्या गटात फरक लक्षणीय, त्यांच्या गटात नाही’ एवढ्यावर निष्कर्ष काढू नका. तुलना दोन गटांतल्या बदलांची करायची असते.

चौदा-पंधरा वर्षांची मुलं असतील तर वाढीचा टप्पा नोंदवा. त्या वयात उंची आणि उडी प्रशिक्षणाविनाही वाढते. एरवीचा सराव किती जड होता तेही लिहा. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला ‘आज किती जड गेलं?’ विचारायचं, शून्य ते दहामध्ये आलेलं उत्तर मिनिटांनी गुणायचं. नव्वद मिनिटं आणि सहा, म्हणजे 540. सामन्यांची आकडेवारी वापरणार असाल तर ती कोणत्या नियमांखालची, हेही सांगा. 2000 च्या नियमबदलाने फिबाच्या सामन्यात दहा मिनिटांचे चार भाग आणि 24 सेकंदांची मर्यादा आली. त्याआधी वीस मिनिटांचे दोन भाग आणि 30 सेकंद होते. दोन्हींतली धावपळ एका कोष्टकात बसत नाही.

हे सगळं नव्याने शोधायचीही गरज नाही. यादृच्छिक चाचण्या कशा मांडाव्यात यासाठी ‘कन्सॉर्ट’ 1996 पासून आहे. व्यायामाच्या प्रयोगांसाठी 2016 मध्ये ‘सर्ट’ ही 16 मुद्द्यांची यादी आली. साधनं, शिकवणाऱ्याची पात्रता, हजेरी, भार वाढवण्याचे नियम आणि प्रशिक्षणादरम्यानच्या दुखापती, सगळं तिच्यात आहे. भारतात ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ 2007 पासून विनाशुल्क नोंदणी करते. पहिला खेळाडू घेण्याआधी तिथे नोंद केली, की कोणती चाचणी मुख्य हे निकाल पाहून बदललं तर ते लपत नाही.

नियतकालिकांत जागा कमी असते हे मान्य. प्रबंधाला मात्र ती अडचण नाही. तो ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर पूर्ण जातो आणि गावोगावचे प्रशिक्षक तिथून तो उतरवून घेतात. म्हणून मार्गदर्शकांना माझी विनंती आहे: सही करण्याआधी विद्यार्थ्याची मैदानावरची रोजची वही मागून घ्या. कोण आलं, कोण आलं नाही, कुणाचं काय दुखलं, खोका किती उंच होता, सगळं तिच्यात असतं. ती वही परिशिष्ट म्हणून जोडायला लावा.