वाढता समुद्र व तुवालूचीं बेटें

समुद्र आपली मर्यादा सोडीत नाहीं, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. सत्पुरुषाच्या गांभीर्यास आपले कवि सागराची उपमा देत आले, आणि पवित्र शास्त्रांतहि परमेश्वरानें समुद्रास वाळूची सीमा घालून दिली, असें वर्णन आढळतें. किनाऱ्यावर उभें राहून भरती-ओहोटी पाहणारास हें सहज पटतें. पाणी येतें, पायांस शिवतें, आणि परत फिरतें. परंतु गेल्या शंभर-सवाशें वर्षांतील मोजमापें निराळी गोष्ट सांगत आहेत. समुद्र हळूहळू चढत आहे. आणि जेथील जमीन मुळांतच बेताची उंच, तेथील लोकांस आपण आपल्या गांवांत आणखी किती पिढ्या राहूं, असा प्रश्न पडला आहे.

भूगोलाच्या तासास प्रशांत महासागराचा नकाशा दाखवीत असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, देशच बुडाला तर तेथल्या लोकांना कोठले म्हणायचें?" या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देणें आम्हांस जमलें नाहीं. तें येथें थोड्या विस्तारानें देण्याचा विचार आहे, व त्यासाठीं तुवालू नांवाचा एक चिमुकला देश आम्ही उदाहरणास घेतला आहे.

ऑस्ट्रेलिया व हवाई बेटें यांच्या साधारण मधोमध, विषुववृत्ताच्या दक्षिणेस, तुवालूचीं नऊ बेटें विखुरलेलीं आहेत. नकाशावर तीं टांचणीच्या टोंकाएवढींहि दिसत नाहींत. नऊ बेटांची सारी जमीन एकत्र केली तरी ती अवघी २६ चौरस किलोमीटर भरते, आणि तिच्यावर सुमारें ११ हजार माणसें राहतात. पूर्वी यांस एलिस बेटें म्हणत व तीं इंग्रजांच्या अंमलाखालीं होतीं. १ ऑक्टोबर १९७८ रोजीं तीं स्वतंत्र झालीं. 'तुवालू' या शब्दाचा अर्थ 'आठ जण एकत्र उभे' असा आहे. कारण नववें बेट पूर्वी कायम वस्तीचें नव्हतें. फुनाफुती हें राजधानीचें ठिकाण असून देशांतील निम्म्याहून अधिक लोक तेथें राहतात. तेथील वस्तीची पट्टी कांहीं ठिकाणीं इतकी अरुंद आहे कीं, रस्त्यावर उभें राहिलें असतां एका बाजूस खुला महासागर व दुसऱ्या बाजूस शांत खाजण, असें दोन्हीकडे पाणीच दिसतें.

हीं बेटें खडकाळ डोंगरांचीं नव्हत. तीं पोंवळ्यांचीं आहेत. समुद्रांतील सूक्ष्म प्रवाळजीव आपल्याभोंवतीं चुन्याचें कवच बांधतात, व हजारों वर्षांनीं त्या कवचांची भिंत होते. चार्लस डार्विन यानें १८४२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, मूळचा ज्वालामुखी डोंगर हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेचें प्रवाळ मात्र उजेडासाठीं वर वर वाढत राहतें, व शेवटीं डोंगर नाहींसा होऊन पोंवळ्याचें कंकण तेवढें शिल्लक उरतें. हें पडताळून पाहण्यासाठीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८९६ ते १८९८ या वर्षांत फुनाफुती येथेंच जमिनीस भोंक पाडविलें. तें १,११४ फूट खोल गेलें, तरी प्रवाळाचा थर संपला नाहीं! यावरून तुवालूच्या लोकांचे पाय कशावर टेकलेले आहेत, हें ध्यानांत येईल. ज्या जिवंत भिंतीनें युगानुयुगें बुडत्या जमिनीस वर धरिलें, तीच आज समुद्राचें पाणी तापल्यामुळें पांढरी पडून दुबळी होत आहे.

या बेटांवर प्रभूची वार्ता कशी पोहोंचली, ती हकीकतहि येथें सांगण्याजोगी आहे. १८६१ सालीं मनिहिकी बेटावरील एलेकाना नांवाचा एक ख्रिस्ती मनुष्य होडींतून जात असतां वादळांत सांपडला. सुमारें आठ आठवडे त्याची होडी समुद्रावर भटकत राहिली, व शेवटीं ती तुवालूंतील नुकुलाएलाए या बेटास लागली. तेथील लोकांनीं या अनोळखी, अर्धमेल्या माणसास आसरा दिला. त्यानें त्यांस जें शिकविलें, त्यांतूनच पुढें तेथील मंडळीची स्थापना झाली. समुद्रानें हांकून दिलेल्या परक्यास ज्यांनीं घरांत घेतलें, त्यांच्याच पणतवंडांस आज समुद्र हांकून देऊं पाहत आहे. ही गोष्ट वाचकांनीं शेवटपर्यंत लक्षांत ठेवावी.

आतां समुद्र वाढतो तो कां? विद्यार्थ्यांनों, एक सोपा प्रयोग घरीं करून पाहा. कांचेच्या पेल्यांत पाणी घ्या, त्यांत बर्फाचा खडा तरंगत सोडा, आणि पाण्याच्या पातळीवर खूण करा. बर्फ वितळल्यावर पाहाल तर पातळी जेथल्या तेथेंच असेल. कारण तरंगणाऱ्या बर्फानें आपल्या वजनाइतकें पाणी अगोदरच बाजूस सारलेलें असतें. दुसऱ्या पेल्यांत एक दगड असा ठेवा कीं, त्याचा माथा पाण्याच्या वर राहील. आणि बर्फाचा खडा त्या माथ्यावर ठेवा. हा बर्फ वितळला कीं पाणी खुणेच्या वर चढतें. उत्तर ध्रुवाजवळ समुद्रावर तरंगणारा बर्फ पहिल्या पेल्यासारखा आहे. ग्रीनलंड, अंटार्क्टिका व उंच पर्वत यांवरील बर्फ दुसऱ्या पेल्यासारखा आहे. तिसरा प्रयोग वडील माणसांच्या देखत करावा. अरुंद गळ्याची बाटली रंगीत पाण्यानें गळ्यापर्यंत भरून ऊन पाण्यांत ठेवावी. आंतील पाणी प्रसरण पावून गळ्यांत वर चढतें. समुद्राचेंहि तसेंच होतें. १९७१ ते २०१८ या काळांत समुद्राची जी पातळी वाढली, तिच्यापैकीं सुमारें निम्मी वाढ अशा प्रसरणानेंच झाली.

ही उष्णता आली कोठून? दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्यानें जो कर्बाम्लवायु निघतो, तो पृथ्वीवरील उष्णतेस पांघरुणासारखा अडवून धरतो. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० हून अधिक आहेत. अडकलेल्या उष्णतेचा नऊ-दशांशांहून अधिक वांटा समुद्रानें पोटांत घेतला आहे. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगांतील समुद्राची पातळी सरासरीनें २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर, वाढली. १९७१ पूर्वी ही वाढ वर्षास १.३ मिलिमीटर होती. २००६ ते २०१८ या अवधींत ती ३.७ मिलिमीटरांवर गेली. तुवालूभोंवतीं तर गेल्या तीस वर्षांतच सुमारें १५ सेंटिमीटर पाणी चढलें आहे.

वीतभर पाण्यानें असें काय होणार, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर असें कीं, वीतभर वाढ ही एका पायरीसारखी आहे. उधाण व वादळ हीं त्या पायरीवर चढून घरांत येतात. फुनाफुती येथें मोठ्या उधाणाच्या वेळीं पाणी नुसतें किनाऱ्यावरून येत नाहीं, तर सच्छिद्र प्रवाळांतून वर झिरपून घरांच्या मधल्या जमिनींतून उफाळतें. मार्च १९१५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, मार्च २०१५ मध्यें, 'पॅम' नांवाच्या चक्रीवादळाच्या लाटांनीं तुवालूंतील अनेक कुटुंबांस घर सोडावयास लाविलें. आणि वादळाचा मुख्य मार्ग तर त्या बेटांपासून दूर होता!

परंतु पुरापेक्षां मिठाचें संकट अधिक कपटी आहे. अशा बेटांत पावसाचें गोडें पाणी जमिनीखालीं खाऱ्या पाण्यावर पातळ थरानें तरंगत असतें. या थरापर्यंत खड्डे खणून, त्यांत पालापाचोळा घालून, तुवालूचे लोक 'पुलाका' नांवाचा अळूच्या जातीचा मोठा कंद लावतात. हे खड्डे पिढ्यान् पिढ्या एकेका कुटुंबाकडे चालत आलेले असतात. त्यांत खारें पाणी शिरलें म्हणजे कंद कुजतो, आणि आजोबांनीं खणलेला खड्डा नातवाच्या उपयोगी पडत नाहीं. विहिरीहि खारावतात. मग पिण्यास पावसाचें सांठविलेलें पाणी तेवढें उरतें. २०११ सालीं पाऊस लांबला, तेव्हां तेथील सरकारास पाण्यासाठीं आणीबाणी जाहीर करावी लागली. आपल्या कोंकणांत ज्यांचीं शेतें खाडीकांठीं आहेत त्यांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. बांध फुटून खारें पाणी शेतांत शिरलें म्हणजे भाताचें काय होतें, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें असतें.

येथें सत्यास धरून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तुवालूचीं बेटें रोज कणाकणानें बुडत आहेत असें जें चित्र सर्रास काढण्यांत येतें, तें पुरतें बरोबर नाहीं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत १९७१ ते २०१४ या काळांतील छायाचित्रें ताडून पाहतां, लहानमोठ्या १०१ बेटांची एकूण जमीन २.९ टक्क्यांनीं वाढल्याचें आढळलें; लाटांनीं प्रवाळाची वाळू आणून किनाऱ्यावर टाकली होती. मात्र जमीन रुंद झाली म्हणजे ती राहण्याजोगी राहिली, असें नव्हे. विहीर खारावली, खड्डा मेला, व वर्षांतून अनेकदां उंबऱ्याशीं पाणी आलें, तर रुंद किनाऱ्याचा काय उपयोग? शास्त्राच्या विद्यार्थ्यानें आपल्या मतास अडचणीची वाटणारी गोष्टहि झांकून ठेवूं नये, म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

तेथील लोक हात जोडून स्वस्थ बसलेले नाहींत. फुनाफुती येथें खाजणांतील वाळू उपसून ७ हेक्टरांहून अधिक नवी, उंच जमीन त्यांनीं तयार करविली आहे. नोव्हेंबर २०२१ मध्यें त्यांचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनीं गुडघाभर समुद्रांत उभें राहून जगास उद्देशून भाषण केलें. २०२३ सालीं त्यांनीं आपल्या राज्यघटनेंत असें नमूद केलें कीं, जमीन गेली तरी तुवालूचें राष्ट्र कायम राहील. त्याच वर्षीं ऑस्ट्रेलियाशीं 'फलेपिली' नांवाचा तह झाला, व तो ऑगस्ट २०२४ पासून अमलांत आला. त्यान्वयें दर वर्षीं तुवालूच्या २८० लोकांस ऑस्ट्रेलियांत राहण्याची मुभा आहे. २०२५ सालीं पहिल्या सोडतीसाठीं नांवें मागविलीं, तेव्हां आठ हजारांहून अधिक लोकांचीं नांवें दाखल झालीं. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें कायद्याचें उत्तरहि आतां बरेंचसें मिळालें आहे. २३ जुलै २०२५ रोजीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें आपलें मत दिलें, त्यांत हवामानाचें रक्षण करणें हें राष्ट्रांचें कायदेशीर कर्तव्य ठरविलें, आणि देशाची भूमि गेल्यानें त्याचें राष्ट्रत्व नाहींसें होतेंच असें नाहीं, असेंहि सुचविलें. म्हणजे तुवालूचे लोक कोठेंहि गेले तरी ते तुवालूचेच म्हणवतील. पण जेथें आईबापांच्या कबरी आहेत ती वाळू कोणतें न्यायालय उचलून देईल?

तुवालूचे बहुतेक लोक ख्रिस्ती आहेत. त्यांच्यांतील कांहीं वृद्ध माणसें असें म्हणतात कीं, देवानें नोहास मेघांतील धनुष्य दाखवून पुन्हां जलप्रलय न आणण्याचें वचन दिलें आहे. तेव्हां आम्हांस भय नाहीं. त्यांच्या श्रद्धेस हंसणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. देव आपलें वचन मोडणार नाहीं, हें आम्हीहि मानतों. परंतु तें वचन देवानें स्वतःस बांधून घेतलें आहे. माणसाच्या हातून होणाऱ्या अनर्थास तें झांकण नव्हे. हें पाणी आकाशाच्या खिडक्या उघडून आलेलें नाहीं. तें आपल्या धुराड्यांतून आलेलें आहे. समुद्रानें मर्यादा सोडली नाहीं. माणसानें ती सोडली. आणि शोचनीय गोष्ट ही कीं, ज्यांनीं ती अधिक सोडली ते उंचावर आहेत, व ज्यांचा धूर नगण्य, त्यांच्या उंबऱ्यास पाणी लागलें आहे.

'फलेपिली' या शब्दाचा अर्थ तुवालूच्या भाषेंत 'शेजारधर्म' असा आहे. शेजाऱ्याचें घर आपलेंच मानून त्याची काळजी घेणें. ऑस्ट्रेलियानें दार उघडलें हें चांगलें केलें. पण तोच देश जगास मोठ्या प्रमाणावर कोळसाहि विकतो. आणि त्यास दोष देण्यापूर्वी आपणहि आपल्या चुलीकडे पाहावें, कारण आपल्या देशांतहि अजून बहुतेक वीज कोळशाचीच आहे. चालू शतकाच्या अखेरीस समुद्र किती चढेल हें ठरून गेलेलें नाहीं. धूर लवकर आवरला तर १९९५ ते २०१४ च्या पातळीहून सुमारें २८ ते ५५ सेंटिमीटर, आणि न आवरला तर ६३ सेंटिमीटरांपासून एक मीटरपर्यंत, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. या दोन आंकड्यांमधील अंतर म्हणजे माणसाच्या हातीं उरलेली जबाबदारी होय.

एका मुलानें घरांतील दिवा मालवल्यानें तुवालू वांचेल, असें खोटें आश्वासन आम्ही देणार नाहीं. परंतु आजचे विद्यार्थी उद्यां यंत्रज्ञ होतील, शिक्षक होतील, मतदार होतील; कोळशाऐवजीं सूर्य व वारा यांपासून वीज काढावी कीं काय, खाडीकांठच्या कांदळवनाची तोड होऊं द्यावी कीं काय, हे निर्णय त्यांच्याकडे येतील. त्या वेळीं नकाशावरचे ते नऊ ठिपके त्यांनीं आठवावे. 'माझा शेजारी कोण?' असा प्रश्न एका शास्त्र्यानें प्रभूस विचारला होता, व त्यास उत्तर म्हणून वाटेवर जखमी पडलेल्या माणसाची गोष्ट मिळाली. एलेकाना किनाऱ्यास लागला, तेव्हां नुकुलाएलाएच्या लोकांनीं तो प्रश्न न विचारतांच त्याचें उत्तर दिलें. आतां उत्तर देण्याची पाळी आपली आहे.