सौदा त्याचा, पैसा आपला

आमच्या धर्मापुरीतली पोरं हल्ली विचारतात, "दादा, कॉपी ट्रेडिंगला कुणाला धरू?" एखाद्या मुरलेल्या ट्रेडरने क्रिप्टोत सौदा टाकला, की तोच सौदा आपल्या खात्यातही आपोआप पडतो. मी स्वतः हे करतो. त्यातून हाती लागलेलं सांगतो.

१. नफा नंतर बघा, आधी उघडे सौदे बघा. ज्याचा विन रेट, म्हणजे नफ्यात बंद झालेल्या सौद्यांचा टक्का, शंभराला टेकलेला, त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. तोट्यातला सौदा बंदच केला नाही, तर तो हरलेल्यांत मोजला जात नाही. यादी उघडली की वर दोन-दोन टक्के नफ्याचे हिरवे सौदे ओळीने दिसतात. खाली एकच लाल सौदा आठवडेच्या आठवडे लोंबकळत असतो, आणि खात्यातली निम्मी रक्कम त्यातच अडकलेली असते. भाव आणखी पडला की वरची सगळी कमाई तो एकटा खातो. मी ट्रेडर निवडतो तो तोटा किती लवकर तोडतो, हे पाहून.

२. लिव्हरेज, म्हणजे उधारीवर सौदा कितीपट फुगवलाय, ते तपासा. वीसपट असेल तर भाव ५ टक्के उलटा फिरला तरी लावलेली रक्कम साफ होते. १२ मार्च २०२० ला बिटकॉइन एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त पडला होता.

३. त्याची ऐपत वेगळी, आपली वेगळी. विहिरीला पाणी आहे म्हणून शेजारी ऊस लावतो. आपण कोरडवाहूत तोच लावला तर जळणारच. त्याने भांडवलाचा कितवा हिस्सा लावला ते बघा, आणि त्याहून कमीच लावा.

४. कर आपल्याच देशाचा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका सौद्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एकात १०,००० मिळाले, दुसऱ्यात १०,००० गेले, तरी ३,००० कर आणि वर सेस. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. तेच पैसे पन्नास वेळा फिरवले तर चाळीसेक टक्के रक्कम रिटर्न भरेपर्यंत अडकते. परदेशी ट्रेडरला दिवसाला वीस सौदे परवडत असतील, आपल्याला नाही.

५. "दरमहा पक्का परतावा" म्हणणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. गेनबिटकॉइन या योजनेने दरमहा १० टक्के, १८ महिने, असंच सांगितलं होतं. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी तिच्या प्रवर्तकाला अटक केली, तोवर हजारो घरांचे पैसे गेले होते.

६. पोरांनो, आधी वही घाला. बटण न दाबता त्याचा प्रत्येक सौदा लिहा: कुठल्या भावाला घेतला, त्या दिवशी बाजारात काय चाललं होतं, त्याच्या जागी तुम्ही कधी विकलं असतं. तो विकतो तेव्हा दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा. खरं शिकणं इथंच होतं.

७. ट्रेडर बरोबर असला तरी एक्स्चेंज बुडू शकतं. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि लोकांचे पैसे काढणं थांबलं. त्यामुळे नफा झाला की मी तो तिथं ठेवत नाही, बँकेत वळता करतो.