कचऱ्याची निवड : उंबऱ्याच्या आत

घर झाडणे निराळे आणि झाडून निघालेल्या वस्तूंची विल्हेवाट लावणे निराळे. पहिले काम आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चोख होत आले आहे. दुसऱ्याविषयी मात्र, उंबऱ्याबाहेर गेली ती वस्तू आपली नव्हे, अशीच बहुतेकांची समजूत असते.

ही समजूत किती महाग पडते हे आपल्या इंदूर शहराने पाहिले आहे. देवगुराडिया येथे वर्षानुवर्षे साचलेला सुमारे 13 लाख टन मिश्र कचरा 2018 साली यंत्रांनी उपसून व चाळून वेगळा करावा लागला. जी निवड घरात टाकतेवेळी क्षणात होते, तिला तेथे महिने लागले. तेव्हा आजचा धडा एवढाच, की निवड करावयाची ती मिसळण्यापूर्वी.

आता एकेक प्रकार पाहू. भाजीची देठे, साली, उष्टे अन्न हा ओला कचरा. हवा मिळाली तर त्याचे खत होते. हवा कोंडली तर त्यातून जळणारा वायू निघतो. 2022 च्या फेब्रुवारीत देवगुराडियास सुरू झालेला, रोज 550 टन कचरा पचविण्याच्या क्षमतेचा कारखाना हाच वायू धरून त्यावर गाड्या चालवितो. पण त्यात काचेचे तुकडे वा प्लॅस्टिक गेले, तर वायूचे काम अडते व खतही बिघडते.

कागद, पुठ्ठा, कापड, धातू हा सुका कचरा. प्लॅस्टिक निराळे ठेवावे. वापरलेले पॅड व लंगोट कागदात गुंडाळून, खूण करून, वेगळे द्यावेत. कालबाह्य औषधे, रंगाचे डबे आणि ट्यूबलाइट ही घातक वस्तूंत मोडतात. ट्यूबलाइट फुटली म्हणजे तिच्यातील पाऱ्याची वाफ बाहेर पडते. जुने मोबाइल व तारा हा विजेच्या उपकरणांचा सहावा भाग.

राहिला राडारोडा, म्हणजे इंदुरी बोलीतला मलबा. लग्नकार्य, दिवाळी किंवा ईद जवळ आली की घराची दुरुस्ती निघते आणि तो रात्री गुपचूप नाल्याकाठी पडतो. नाल्याचे पात्र तेवढे उथळ होते व पावसाळ्यात पाणी खालच्या वस्तीत शिरते. वस्तुतः विटा व काँक्रीट दळून त्यांचे फरसबंदीचे ठोकळे होतात. 2016 सालच्या केंद्रीय नियमांनी मोठ्या बांधकामांस चार ढीग सांगितले होते: काँक्रीट; माती; पोलाद, लाकूड व प्लॅस्टिक; विटा व मसाला. लहान घरासही हीच रीत सोयीची.

एक उदाहरण सोडवू. स्नानघराची दुरुस्ती झाली. फुटक्या फरश्या व सिमेंटचा गिलावा राडारोड्यात जातील. लोखंडी नळ भंगारवाल्याकडे जाईल. सिमेंटची रिकामी प्लॅस्टिकची पोती झटकून प्लॅस्टिकमध्ये, रंगाचा डबा घातक वस्तूंत, आणि गवंड्याच्या चहाचा चोथा ओल्या कचऱ्यात. छताच्या प्लास्टर ऑफ पॅरिसचे तुकडे मात्र दोहोंपासून दूर ठेवावेत. काँक्रीटच्या भुग्यात ते मिसळले तर नवा माल कच्चा होतो, आणि ओल्या कचऱ्याखाली दबले तर सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू निघतो. जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे निघाले, तर ते फोडू वा कापू नयेत. पाणी शिंपडून अखंड उतरवावेत. त्यांचे सूक्ष्म तंतू श्वासाबरोबर फुप्फुसात बसतात व वर्षांनंतर दुर्धर रोग आणतात.

ही सारी खटपट कोणासाठी? आपण न निवडलेली वस्तू शेवटी दुसऱ्याच कोणाला हातांनी निवडावी लागते. फुटकी काच, वापरलेली सुई, कळीच्या चुन्याचा खडा हे त्या हातांस लागते. गाडीवर उभ्या असलेल्या माणसाला पिशवीत काय आहे हे दिसत नाही. ते आपणांसच ठाऊक असते. म्हणून जबाबदारीही आपली.

घरी परतल्यावर मुलांना जवळ बसवून आपल्या घरच्या डब्यांवर नावे लिहावीत. आणि पुढची दुरुस्ती काढाल, तेव्हा मिस्त्रीशी मजुरी ठरवितानाच राडारोडा कोठे जाणार हेही ठरवून घ्यावे.